गुत्तं देण्याआधी स्लॅब बघून या

जिंतुरात कुणी घराचं काम काढलं की भेटणारा पहिल्यांदा विचारतो, "गुत्तं काय भावानं दिलं?" भाव म्हणजे चौरस फुटामागची मजुरी. गुत्तेदाराची पारख तिथंच सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथंच संपते.

आम्हाला मागं स्वयंपाकघर वाढवायचं होतं, जमलं तर वर एक खोली. गुत्तेदार येत, टेप लावत आणि चहा संपायच्या आत आकडा सांगत. एकानं मात्र टेप काढलीच नाही. म्हणाला, "काका, आधी कोपऱ्यात खड्डा घेऊ. पाया पाहिल्याबिगर मी भाव सांगत नाही."

खड्ड्यात काळी माती निघाली. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुनं घर तिच्यावर वर्षानुवर्षं बसलेलं असतं, शेजारचा नवा पाया मात्र आता कुठं बसायला लागणार. दोन्ही भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतवल्या की जोडाच्या रेषेत तडा ठरलेला. नवी खोली स्वतःच्या कॉलमवर, पाया मुरमापर्यंत आणि मधे फट सोडून, असं त्याचं म्हणणं होतं. वरच्या खोलीला तर त्यानं सरळ नकार दिला. खालच्या भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या. इंजिनिअरनं पाहून लिहून दिल्याशिवाय त्यांच्यावर ओझं चढवणार नाही म्हणाला. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं अशाच भिंतींखाली गेली. आणि 2024 च्या मार्चमध्ये अन् जुलैमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या भूकंपाचे धक्के परभणीपर्यंत जाणवले होते, म्हणजे ही भीती उगाच नव्हती.

तरी तेवढ्यावर गुत्तं दिलं नाही. त्याचं दुसरीकडं चालू असलेलं काम पाहायला गेलो, तेही स्लॅबच्या दिवशी. गुत्तेदार नेहमी रंग दिलेलं घर दाखवायला नेतात. रंगाखालचं काय दिसणार?

स्लॅबवर सळयांची जाळी सिमेंटच्या बिस्किटांवर उचललेली होती. खालून 20 मिलिमीटर काँक्रीट राहिलं नाही तर पुढं सळई गंजते आणि पोपडे पडतात. मिक्सर सुरू झाला. माल घट्ट असला की घमेलं ओतणाऱ्याचे हात दुखतात, म्हणून मजूर गुपचूप पाण्याचा डबा रिकामा करतो. एम-20 काँक्रीटच्या साध्या मिश्रणाला 50 किलोच्या पोत्यामागं 30 लिटरपर्यंत पाणी असा भारतीय मानकाचा हिशोब आहे. वाळू ओली असली तर आणखी कमी. जादा पाण्यानं माल पसरतो छान, पण ताकद जाते. इथं गुत्तेदाराच्या मिस्त्रीनं पाण्याचा डबा स्वतःजवळ ठेवला होता. सज्ज्याकडं त्याचं लक्ष त्याहून जास्त. पुढं आलेल्या सज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, आणि ये-जा करणाऱ्यांच्या पायांनी ती दबून खाली जाते. असा सज्जा एक दिवस वाकतो. मिस्त्री आकड्यानं सळई पुन्हापुन्हा वर ओढत होता. माझ्याशिवाय त्याला पाहणारं तिथं कुणी नव्हतं, मालकसुद्धा टँकरवाल्याशी बोलत खाली उभा होता.

काही दिवसांनी न सांगता पुन्हा गेलो. स्लॅबवर वाफे करून पाणी भरलेलं होतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला 10 दिवस ओल लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी विकत घेऊन हे करायचं म्हणजे खर्चच, आणि कंजुषी इथंच होते. सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या कामावर हव्या असतात, म्हणून टेकू लवकर काढायची घाईही असते. इथं टेकू जागेवर होते. गुत्तं त्याच गुत्तेदाराला दिलं. भाव सगळ्यांत कमी नव्हता.

कागद मात्र केला. महारेरा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, आपल्या घराची खोली वाढवणारा गुत्तेदार त्यात येत नाही. भांडण झालंच तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तिथं तोंडी बोली चालवणं अवघड. तेव्हा पैशाचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, सिमेंट-लोखंड कुणी आणायचं ते लिहा, पावत्या जपा. आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा गेल्यावर मिळेल, हे काम सुरू व्हायच्या आधीच त्यात घाला.