भेग कोणी बुजवली?

शहाजीराजांच्या जहागिरीमुळे बंगळूर मराठी माणसाला परके नाही. तेथील चिकपेट म्हणजे रेशमी वस्त्रांची जुनी, दाटीची बाजारपेठ. या बाजाराच्या पोटात २०१७ साली मेट्रो रेल्वेचे भुयारी स्थानक सुरू झाले. श्रोतेहो, अशा भुयाराच्या काँक्रीटला केसाएवढी भेग पडली, तर तिच्यापर्यंत पोहोचायचे कसे? भेगेतून पाणी झिरपते आणि आतल्या सळ्या गंजू लागतात. म्हणून आपली भेग आपणच बुजवील असे काँक्रीट शास्त्रज्ञांना हवे आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी काँक्रीटमध्ये जीवाणूंची बीजे आणि त्यांचे खाद्य मिसळण्याची रीत विकसित केली. पाणी शिरताच बीजे जागी होतात आणि चुनखडीचे स्फटिक भेगेत साठू लागतात. चिकपेटेपासून फार दूर नसलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्येही चांद्रमातीसारख्या मातीच्या विटांतील भेगा जीवाणू व गवारीचा डिंक वापरून सांधण्याचे प्रयोग झाले आहेत.

परंतु खरी मेख पुढेच आहे. साधे काँक्रीटही बारीक भेगा थोड्याफार बुजवते. त्यातला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून चुनखडीच बनतो. मग श्रेय कोणाचे? याचा निवाडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे करावयाचा, आणि तो नमुन्याच्या तयारीवर अवलंबून असतो.

या यंत्रात निर्वात पोकळी असते. ओला तुकडा तेथे चालत नाही. तो भट्टीत तापवून वाळवावा, तर सिमेंट आकसून नव्याच भेगा पडतात आणि पाहणारा फसतो. म्हणून तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून ठेवतात. पाण्याची जागा अल्कोहोल घेते, सिमेंटची रासायनिक क्रिया थांबते. मग सौम्य उष्णतेवर, निर्वातात तो सुकवतात. उघड्यावर ठेवला तर हवाच त्यावर चुनखडी चढवील!

भेग किती भरली हे पाहण्यासाठी तुकड्यात निर्वातात पातळ इपॉक्सी राळ जिरवतात, म्हणजे घासताना भेगेच्या कडा ढासळत नाहीत. ती घट्ट झाल्यावर हिऱ्याच्या धारेच्या करवतीने काप घेऊन, क्रमाने बारीक होत जाणाऱ्या हिरकणीच्या लेपाने पृष्ठभाग आरशासारखा घोटतात. येथे पाणी वर्ज्य. घाई केल्यास सारे श्रम फुकट जातात, हे सांगणे नलगे. शेवटी कार्बनचा अतिशय पातळ थर देतात, नाहीतर इलेक्ट्रॉनांचा विद्युद्भार साचून चित्र बिघडते.

जीवाणू पाहावयाचे, तर मात्र घोटलेला काप कामाचा नाही. त्यासाठी भेगेपाशी तोडलेला खडबडीत तुकडाच घ्यावा. प्रथम ग्लुटाराल्डिहाइडने पेशींचा आकार कायम करतात, नंतर चढत्या प्रमाणाच्या अल्कोहोलात एकेक करून बुडवितात, आणि वर सोन्याचा पातळ मुलामा देतात. नशीब असेल तर स्फटिकांत दोन-तीन मायक्रॉन लांबीच्या कांड्यांचे ठसे दिसतात.

आणि याच रीतीने, त्याच दिवशी, जीवाणू न घातलेला तुकडाही तयार करावा लागतो. त्याच्याही भेगेत तेवढीच चुनखडी आढळली, तर ती जीवाणूंच्या खाती मांडता येत नाही.