‘बॉयकॉट’, बहिष्कार आणि वाळीत

‘बॉयकॉट’ हे मुळात एका माणसाचे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधला, लष्करी नोकरी सोडून शेतीकडे वळलेला गृहस्थ. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी होता. खंड वसूल करणे आणि जे देऊ शकत नाहीत त्या कुळांना जमिनीवरून हुसकावणे हे त्याचे काम. १८७९ साली तिकडे ‘लँड लीग’ ही कुळांची संघटना उभी राहिली. तिचा अध्यक्ष पार्नेल याने १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत सांगितले की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनामंदिरातसुद्धा एकटा पाडा. जुन्या काळी महारोग्याला दूर ठेवीत तसा दूर ठेवा.

काही दिवसांतच हा मार्ग बॉयकॉटवर अवलंबिला गेला. शेतावरचे मजूर निघून गेले, घरचे नोकर गेले, दुकानदार माल देईनात. उभे पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या घरात सैनिक व पोलीस. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. डिसेंबर लागताच साहेबाने आयर्लंड सोडले.

या प्रकाराला नाव काय द्यावे? रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या सांगण्याप्रमाणे, त्याला ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द सुचत होता. पण तो कुळांना कळायचा नाही, म्हणून ओमॅली या स्थानिक धर्मगुरूनेच ‘बॉयकॉट करणे’ हे क्रियापद सुचवले. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा विद्वानांचा, ग्रीक वळणाचा शब्द. अथेन्सचे नागरिक खापरीवर नाव कोरून मत देत आणि ज्याच्यावर बहुमताचा रोख जाई तो दहा वर्षे हद्दपार होई. त्याची मालमत्ता मात्र शाबूत राही. ‘एक्सकम्युनिकेट’ हा चर्चचा शब्द, धर्मसंस्थेने आपल्या माणसाला पंगतीतून उठवण्याचा. या दोन भारदस्त शब्दांच्या शेजारी कुळांचा हा गावठी शब्द येऊन बसला आणि युरोपातल्या अनेक भाषांनी तो जसाच्या तसा उचलला. रस्त्यावरच्या माणसाने शब्दकोशात घुसल्याची अशी उदाहरणे थोडी.

आपले कोश ‘बॉयकॉट’पुढे ‘बहिष्कार’ लिहून मोकळे होतात. मीही वर्गात तेच सांगितले, तेव्हा वाडीवरून येणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, मग आमच्यावर गावानं टाकला तोही बॉयकॉटच का?” हा प्रश्न व्याकरणाचा नाही.

मराठीत ‘बहिष्कार’ या एका शब्दाच्या पोटात तीन वेगळे व्यवहार कोंबले गेले आहेत. एक जातीच्या आतला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींनी चहा घेतला आणि ग्रामण्य माजले. पण तिथे प्रायश्चित्ताची वाट उघडी होती, आणि चहा पिणाऱ्यांच्या घरची चूल त्यामुळे विझली नाही. दुसरा, १९०५ च्या वंगभंगानंतरचा विलायती मालावरचा बहिष्कार. पाठ्यपुस्तकांनी या शब्दाला जे तेज चढवले ते याच अर्थाने. तिसरा गावाने आमच्यावर टाकलेला, ज्याला खेड्यात ‘वाळीत टाकणे’ म्हणतात. यात प्रायश्चित्त नाही, कारण गुन्हा जन्माचा असतो. इंग्रजीत ज्याच्यावर बॉयकॉट होतो त्याला रूढ असे वेगळे नाव नाही; बॉयकॉटसाहेब वर्षभराने पुन्हा त्याच इस्टेटीवर परतला. आपल्याकडे मात्र ‘बहिष्कृत’ ही आयुष्यभराची ओळख आहे. बाबासाहेबांनी १९२४ च्या हितकारिणी सभेला आणि १९२७ च्या पाक्षिकाला हेच विशेषण लावले ते काही अलंकार म्हणून नव्हे.

मेयोतला बहिष्कार खालून वर गेला, आपल्या गावातला वरून खाली येतो. पण दिशा ठरते कशावरून? भाकरी कुणाच्या हातात आहे यावरून. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात नेमके हेच नोंदवले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्य हे सवर्णांच्या जमिनीवरचे कूळ, मजूर किंवा गावचे चाकर आहेत, म्हणून बहिष्कार हे त्यांच्याविरुद्ध अमोघ हत्यार ठरते; आणि ते उगारायला सार्वजनिक विहिरीला हात लावणे, अंगावर बरे कपडे घालणे, नवरदेव घोड्यावर बसवणे एवढे कारणही पुरते, असे तो अहवाल सांगतो.

माझे आजोबा सांगत, छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वाड्याने मेलेली ढोरे ओढणे सोडले. गाव म्हणाले, “माजले.” मग दळण बंद, किराणा बंद, सुगीची मजुरी बंद. यातली पहिली कृती मेयोच्या अर्थाने बॉयकॉट होती, दुसरी नव्हती. गावकीच्या तोंडी मात्र दोन्हींचा हिशेब सारखाच होता: तुम्ही काम सोडले, आम्ही व्यवहार सोडला, फिटंफाट. या फिटंफाटीत ढोराच्या दुर्गंधीची आणि लेकरांच्या उपासमारीची किंमत एकच धरलेली असते.

शब्दाचा हा दुतोंडीपणा मार्टिन ल्यूथर किंग यांनाही जाणवला होता. माँटगोमेरीत निग्रो समाजाने १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस शहरबसवर पाय ठेवला नाही. पण त्याच काळात गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ संघटना काळ्यांची नोकरी आणि कर्ज तोडण्यासाठी हेच हत्यार वापरत होत्या. म्हणून किंग यांना ‘बॉयकॉट’ हा शब्द खटकला. आपला लढा दुष्ट व्यवस्थेशी असहकार आहे, असे त्यांनी १९५८ च्या पुस्तकात मांडले.

कायद्यापुढची अडचण वेगळीच होती. मारहाणीत कृती असते; बहिष्कारात काही न करणे हीच कृती असते. ती पकडायची कशी? १९३० च्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन ठेवले त्यात ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याच्या आधारे व्याख्या करून दिली होती: घर-जमीन नाकारणे, व्यवहार किंवा मजुरी नाकारणे, अथवा नेहमीच्या रिवाजातल्या अटींवर त्या गोष्टी करण्यास नकार देणे. ‘नेहमीच्या अटी’ हा त्यातला कळीचा शब्दप्रयोग. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात तो आला, आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीत पुन्हा आला. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. कलम ३(१)(झेडसी) प्रमाणे सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, इतकेच नव्हे तर तशी धमकी देणे, हाही अत्याचार आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे.

महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा याहून निराळा. त्याचा रोख एकाच समाजाच्या आतल्या बहिष्कारावर, मुख्यतः जातपंचायतींवर आहे. दोन्ही कायद्यांत एकच शब्द असल्याने ठाण्यावर गोंधळ होतो. कधी तो मुद्दाम केला जातो, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

म्हणून फिर्याद देताना ‘गावाने बहिष्कार टाकला’ एवढ्या एका वाक्यावर भागवू नये. गिरणी कुणाची, दळण कोणत्या तारखेला परत पाठवले, आदल्या आठवड्यापर्यंत तिथे काय दराने दळून मिळत होते. उसनवारीची वही किती वर्षे चालू होती. खुरपणीला कोणत्या शेतावर कोण बाया जात होत्या आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यांना परत फिरवले. दवंडी पिटली की मंदिरात बैठक झाली, बैठकीला कोण हजर होते. हे सगळे नावागावासह, तारखेसह लिहावे, आणि ‘वाळीत’ हा आपला शब्द लिहायलाही संकोचू नये.