माती नाही, वारा नाही, तरी टोमॅटो!

शेलूबाजारच्या शिवारात काळ्या मातीला काही तोटा नाही. पावसाळ्यात तिच्यात सोयाबीन रुजतं, तूर रुजते आणि आपल्या चपलाही रुततात! मग इथल्या मुलांना 'मातीशिवाय टोमॅटो' म्हटलं की हसू येणारच.

हसा खुशाल. पण १९३०च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी खतपाण्यावर टोमॅटोचे वेल वाढवले, आणि ते इतके उंच गेले की तोडणीला शिडी लावावी लागली. भारतात हा खटाटोप शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालमध्ये सुरू केला. या पद्धतीला म्हणतात हायड्रोपोनिक्स.

पॉलीहाउसमध्ये टोमॅटोची मुळं बहुतेक वेळा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या पिशवीत असतात. भुसा फक्त आधार देतो. जेवण येतं ठिबकच्या नळीतून: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह, चिमूटभर बोरॉनसुद्धा. पण ही खतं विरघळवायला टाक्या दोन का? कारण कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेटचं दाट पाणी एकत्र ओतलं, की ते दुधाळ होतं आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. तो असतो जिप्सम. बसला की ठिबक तुंबलंच!

माती म्हणजे घरातली कणगी. एखाद्या दिवशी पाणी चुकलं तरी पोटातलं काढून देते. भुशाकडे असली शिल्लक नाही. उन्हाळ्यात वीज गेली, पंप थांबला, की काही तासांत पानं माना टाकतात. पाण्याची सारखी ओढाताण झाली तर फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि टोमॅटोचं बूड काळं पडतं. खरं सांगू? इतकी छान माती असताना शेलूबाजारनं ती सोडायची घाई करू नये, असं मला वाटतं. मुरमाड जागेची किंवा गच्चीची गोष्ट वेगळी.

आता खरी गंमत फुलात. टोमॅटोच्या पिवळ्या फुलात मधोमध एक नळी असते आणि पराग तिच्या आत दडलेले असतात. फूल थरथरलं तरच ते खाली सांडतात. शेतात हे काम वारा करतो, भुंगेही करतात. भुंगा फुलाला मिठी मारतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो. गुंईंऽऽ! मधमाशीला ही कला येत नाही. पॉलीहाउसमध्ये वारा बेताचा, भुंगे बाहेर. म्हणून नेदरलँड्समध्ये ही कला येणाऱ्या बंबलबी माश्यांच्या पेट्याच आत ठेवतात. पेट्या नसतील तिथे माणसंच वेल बांधलेल्या तारांना टिचक्या मारत फिरतात.

परसात वांगं असेल तर पाहा, त्याच्या फुलाचीही हीच तऱ्हा. शाळेतला नादकाटा वाजवून पूर्ण उमललेल्या फुलाला अलगद टेकवा आणि खाली काळा कागद धरा. त्यावर पिवळी भुकटी पडली तर तुम्ही भुंग्याचं काम केलंत. नाही पडली, तर दुसरं फूल शोधा.