धावफलक कसा वाचावा

वर्तमानपत्रात क्रिकेट सामन्याचा धावफलक छापून येतो तेव्हा बहुतेक वाचक दोनच गोष्टी पाहतात : कोण जिंकले आणि शतक कोणाचे झाले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी शिकलो, पण हजेरीपट आणि पगारपत्रके पुष्कळ वाचली. आमचे म्हणणे असे की, धावफलकही हजेरीपटासारखाच वाचावा.

त्याची मांडणी व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी असते. एका बाजूला फलंदाजांच्या धावा. त्यांत अवांतर धावा मिळवल्या की संघाची धावसंख्या होते. दुसऱ्या बाजूला गोलंदाजांची षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि बळी. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावे पडत नाहीत. धावबाद झालेला गडी त्याच्या खात्यावर जमा होत नाही. एवढे ध्यानात ठेवले, तर दोन्ही बाजूंचा मेळ बसलाच पाहिजे. नोंद ठेवणारेही दोघे असतात आणि त्यांनी आपापल्या वह्या परस्परांशी ताडून पाहायच्या असतात.

आता एक फलक उघडू. मार्च 1945 मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबई 462 आणि 764. होळकर 360 आणि 492. मुंबई 374 धावांनी जिंकली. चाळीस गडी बाद झाले, धावा झाल्या 2078. विजय मर्चंट यांच्या 278 धावा लोकांच्या तोंडी राहिल्या. होळकरांकडून मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली, आणि त्या काळी लष्करी सेवेत हिंदुस्थानात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन 249 धावांवर नाबाद राहिले.

परंतु नजर जरा खाली, गोलंदाजांच्या रकान्याकडे न्या. होळकरांचे सी. एस. नायडू : पहिल्या डावात 64.5 षटके, दुसऱ्यात 88. म्हणजे 917 चेंडू! प्रथम श्रेणीच्या सामन्यात एका गोलंदाजाने टाकलेल्या चेंडूंचा हा उच्चांक आहे. आजच्या वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला चार षटकेच मिळतात. त्या हिशेबाने हे अडतीसहून अधिक सामन्यांचे काम झाले. नायडूंनी 428 धावा दिल्या, हाही उच्चांकच. कोणी म्हणेल, केवढा मार खाल्ला! पण मुंबईच्या वीस गड्यांपैकी अकरा त्यांनीच बाद केले. मार खाल्ला तो चेंडू सतत हाती घेतला म्हणून. जो काम करतो त्याच्याच नावावर चुका चढतात. ज्याने चेंडू घेतला नाही त्याचा रकाना स्वच्छ राहतो.

फलकाला मर्यादाही आहेत. सुटलेल्या झेलाला रकाना नाही. मार्चच्या उन्हाला नाही. सकाळी खेळपट्टीवर रोलर फिरवणाऱ्या माळ्यालाही नाही. तरीसुद्धा 917 हा आकडा कोणीतरी चेंडूगणिक टिंब देऊन नोंदला, म्हणूनच हरलेल्या संघातील एका माणसाचे कष्ट आज आपल्याला मोजता येतात.

आमखास मैदानावर खेळणाऱ्या मुलांना आम्ही सांगतो, वही ठेवा आणि ती वाचायला शिका. उद्या यांतलीच काही वाळूजच्या नाहीतर चिकलठाण्याच्या कारखान्यात जातील. तिथे जादा तासांची नोंद झाली नाही, तर ते तास केलेच नाहीत असे ठरते. धावफलकाचा खालचा रकाना वाचण्याची ज्याला सवय आहे, तो पगाराच्या चिठ्ठीवर डोळे मिटून सही करणार नाही.