खेळाडूंच्या दुखापती: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मैदान, बूट, प्रतिस्पर्ध्याचा धक्का ही दुखापतीची बाहेरची कारणे सहज दिसतात. जुनी दुखापत, वय, स्नायूंची ताकद, आहार, झोप ही खेळाडूच्या स्वतःच्या शरीराशी निगडित कारणे मात्र दुर्लक्षित राहतात. गैरसमजही त्यांच्याविषयीच अधिक आहेत.

गैरसमज: दुखणे थांबले की दुखापत बरी झाली.
वस्तुस्थिती: आधी झालेली दुखापत हा नव्या दुखापतीचा मोठा इशारा असतो. मुरगळलेल्या घोट्याची सूज लवकर उतरते. तोल आणि ताकद सावकाश परत येतात. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळू लागल्यास पुन्हा दुखापतीचा धोका वाढतो.

गैरसमज: मुलांना कितीही सराव झेपतो.
वस्तुस्थिती: वाढत्या हाडांच्या टोकांजवळचा कूर्चेचा थर नाजूक असतो. कोवळ्या वयात अति गोलंदाजी केल्यास कमरेच्या मणक्याला ताणामुळे बारीक तडा जाऊ शकतो. म्हणूनच इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात कुमार वेगवान गोलंदाजांसाठी षटकांची मर्यादा ठरवलेली आहे.

गैरसमज: खेळापूर्वी स्नायू ताणले की पुरे.
वस्तुस्थिती: नुसत्या ताणाने फारसे संरक्षण मिळत नाही. ताकद, तोल आणि उडीनंतर नीट जमिनीवर येणे यांचा नियमित सराव अधिक उपयोगी ठरतो. फुटबॉलपटूंसाठी आखलेल्या ‘फिफा 11+’ या वॉर्म-अपमुळे दुखापती सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

गैरसमज: मुलींचे शरीरच खेळासाठी नाजूक.
वस्तुस्थिती: फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये मुलींना एसीएलच्या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, पण योग्य प्रशिक्षणाने तो बराच कमी करता येतो. सराव भरपूर आणि आहार अपुरा असेल, तर पाळी अनियमित होते व हाडे कमकुवत होतात. सरावामुळे पाळी थांबणे स्वाभाविक मानू नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अपुऱ्या आहाराचे दुष्परिणाम मुलांवरही होतात.

गैरसमज: झोपेचा दुखापतीशी संबंध नाही.
वस्तुस्थिती: 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या किशोर खेळाडूंना दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या 1.7 पट आढळली.

वय आणि जुनी दुखापत बदलता येत नाही. ताकद, आहार, झोप आणि सरावाचे प्रमाण बदलता येते. प्रशिक्षकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येक खेळाडूच्या जुन्या दुखापतींची नोंद घ्यावी आणि त्यानुसार सराव आखावा.