पोकलेनची विद्या आणि कर्जाचा हप्ता

मराठवाड्यातील गावांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. पुढे सरहद्द बदलली, परंतु पोटापाण्यासाठी त्या शहराकडे जाणारी वाट मोडली नाही. आज गावातील दहावी झालेला मुलगा शेततळे खणणारे पोकलेन पाहतो (मुळात हे एका फ्रेंच कंपनीचे नाव, आपल्याकडे ते अशा प्रत्येक यंत्राला चिकटले), आणि यंत्र बंद पडले म्हणजे मालक मिस्त्रीची वाट कशी पाहत बसतो, हेही पाहतो. हीच विद्या शिकावी असे त्याच्या मनात येते. मग हैदराबादच्या एखाद्या संस्थेचे पत्रक घरी येते : सहा महिन्यांत प्रमाणपत्र, नोकरीची हमी, शुल्क दीड लाख. आणि आईबाप जमिनीच्या कागदांची पेटी उघडतात.

ती पेटी तूर्त मिटून ठेवावी. हा धंदा हलका आहे म्हणून नव्हे. अशा यंत्राचे सारे बळ तेलाच्या दाबात असते. पंपात धुळीचा कण शिरला तरी लाखांचे नुकसान होते. किती तास काम झाले हे सांगणारे घड्याळ यंत्रावरच असते आणि त्या तासांवर तेल व गाळण्या बदलाव्या लागतात. यंत्र एक दिवस उभे राहिले तर मालकाचे भाडे बुडते, म्हणून जाणत्या मिस्त्रीला मान आहे आणि पैसाही आहे. तथापि तो मान प्रमाणपत्रास मिळत नसून सरावलेल्या हातास मिळतो. पहिली एक-दोन वर्षे नवा मुलगा मदतनीसच असतो, आणि कर्जाचा हप्ता सुरू होतो तो नेमका ह्याच वर्षांत.

हिशेब मांडून पाहू. समजा मुलास आरंभी पंधरा हजार रुपये मिळाले आणि खोली, खानावळ व बस ह्यांत नऊ हजार गेले. उरले सहा हजार. दीड लाखाचे कर्ज शेकडा १२ व्याजाने तीन वर्षांसाठी काढले आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर आकारले, तर महिन्याचा हप्ता ४,९८२ रुपये येतो. तेच १२ टक्के व्याज तिन्ही वर्षे मूळ रकमेवर धरले, म्हणजे ज्याला सावकारी बोलीत ‘फ्लॅट’ म्हणतात, तर हप्ता ५,६६७ रुपये होतो. हातात राहतात ३३३ रुपये. तोंडाने दोघेही बाराच टक्के सांगतात. दुसऱ्याचा खरा दर एकवीसच्या आसपास पडतो. म्हणून सही करण्यापूर्वी दर किती हे विचारून थांबू नये; व्याज कशावर आकारणार आणि एकंदर किती रुपये फेडावे लागणार, हे कागदावर लिहून मागावे. शिवाय पावसाळ्यात खोदकाम थंडावते, जादा तासांचा पैसा बंद होतो. हप्ता मात्र आषाढातही येतोच.

कर्ज काढायचेच असेल तर प्रथम बँकेत जावे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य कर्जाची योजना काढली. तीत पाच हजारांपासून दीड लाखापर्यंत कर्ज तारणावाचून देण्याची तरतूद होती. २०२४ च्या नव्या योजनेत ही मर्यादा साडेसात लाखांवर गेली. (मर्यादा वाढली की पत्रकांतील शुल्कही वाढेल, अशी मला भीती वाटते.) जमीन गहाण पडत नसली तरी बापाने मुलासह कर्जदार म्हणून सही करावयाची असते, हे विसरू नये. ह्या वाटेचा आणखी एक लाभ आहे. कर्ज मिळते ते मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासच. बँकेचा अधिकारी म्हणाला की हा अभ्यासक्रम योजनेत बसत नाही, तर त्याच्यावर रागावू नये. दीड लाख वाचविणारी माहिती त्याने फुकट दिली आहे.

माझ्या मते अधिक बरी वाट निराळीच आहे. महाराष्ट्रातील कित्येक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्ण मुलास तो खुला असून शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने फारच थोडे आहे. हैदराबादेत मल्लेपल्ली येथे शासकीय आयटीआय आहे, पण परराज्यातील मुलास तेथे जागा मिळेल का, हे आधी विचारावे. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात राहता येते. अशा प्रमाणपत्रधारक उमेदवारास २०१९ च्या नियमांनी दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरविले. चालू आकडा प्रवेशाच्या वेळी विचारून घ्यावा. एवढ्यात हैदराबादेत भागत नाही, घरून ज्वारीचे पीठ आणि दोन-तीन हजार रुपये धाडावे लागतील. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्यास मालक बांधलेला नसतो, हेही खरे. परंतु तोवर वर्षभर मुलाचा हात खऱ्या यंत्रावर फिरलेला असतो आणि बापाच्या डोक्यावर कर्ज नसते.

इतके सांगूनही कोणास खाजगी संस्थेचाच मोह पडला, तर शुल्क भरण्यापूर्वी मागील वर्षी तेथून बाहेर पडलेल्या दोघातिघांची नावे व कामाची ठिकाणे मागावीत. नावे देण्यास टाळाटाळ झाली तर परतीची गाडी धरावी. नावे मिळाली तर बापाने स्वतः जाऊन त्या मुलांस भेटावे, पगार किती आणि हप्ता किती ते विचारावे. जाताना सुटीचा दिवस पाहून जावे. इतर दिवशी त्यांचे हात तेलात असतात आणि मुकादम शेजारी उभा असतो.