चेन जोडायला पकड पुरते का?

जोयडा तालुक्यात मोटारसायकल ही चैन नाही. गावं जंगलात विखुरलेली आहेत, अणशी घाट उतरल्याशिवाय कारवार नाही आणि सामानाच्या मोठ्या दुकानासाठी दांडेली किंवा बेळगाव गाठावं लागतं. त्यात इथला पाऊस आणि लाल माती. ही माती तेलात कालवली गेली की चेनवर पॉलिश पेपरसारखी चालते. चेन ‘लांबली’ असं सगळे म्हणतात, पण तिच्या पट्ट्या काही ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीतला केसभर ढिलेपणा एकत्र होऊन लांबी वाढते.

किती झिजली हे साध्या मोजपट्टीने कळतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ क्रमांकाची चेन असते. पहिला आकडा इंचाच्या आठव्या हिश्शात मोजायचा: चार अष्टमांश, म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. हे एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर. चेन ताणून धरून एकवीस पिना मोजल्या, तर पहिलीपासून शेवटचीपर्यंत नव्या चेनमध्ये २५४ मिलिमीटर भरतात. २५९ भरले की चेन बदलावी, आणि दोन्ही स्प्रॉकेटही सोबतच. जुन्या दात्यांवर नवी चेन चढवणं म्हणजे पैसे वाया.

अशा गाड्यांच्या चेनला सहसा ‘चेन लॉक’ असतं: दोन पिनांची सुटी कडी, बाहेरची पट्टी आणि तिच्यावर बसणारी बारीक क्लिप. तिथे हत्यार लागतं ते एक नोज पकड. नवी चेन जास्त लांब मिळाली तर ती जुनीशेजारी ठेवून कापण्याची चूक बरेच जण करतात. जुनी झिजून लांबलेली असते, म्हणून कड्या मोजूनच कापायची. नको असलेल्या पिनेचं डोकं ग्राइंडरने किंवा कानसीने घासून सपाट करावं, कडी एखाद्या जाड नटावर टेकवावी आणि पंच-हातोड्याने पिन खाली पाडावी.

जोडताना खरी अडचण हाताची होते. दोन टोकं धरायला दोन हात गेले, मग लॉक कोण घालणार? चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या शेजारशेजारच्या दात्यांवर आणावीत. दाते ती नेमक्या अंतरावर धरून ठेवतात. पिना आतून घालाव्यात, पट्टी चढवावी, मग पकडीचा एक जबडा क्लिपच्या बंद टोकावर आणि दुसरा पलीकडच्या पिनेवर ठेवून दाबावं. टक् आवाज आला की क्लिप बसली. तिचं बंद टोक चेन पळते त्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला असताना पुढच्या चाकाकडे. उलट बसवली तर घासताघासता ती निघून जाऊ शकते.

बुश-रोलर चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली घेतलं. जोडणीचं गणित तेव्हापासून फारसं बदललेलं नाही, पण इंजिनांची ताकद मात्र वाढली. मोठ्या गाड्यांच्या ओ-रिंग चेनला बऱ्याचदा रिव्हेटचं लॉक असतं. त्याच्या पिनेचं पोकळ टोक दाबून फुलवावं लागतं. काही जण पिनेमागे घण धरतात आणि गोल डोक्याच्या हातोडीने टोक ठोकतात. जमतंही. मात्र टोक कमी फुललं तर पट्टी सुटते, जास्त ठोकलं तर पिनेला चीर जाते, आणि पट्टी जादा दाबली तर कडी आखडते. चालत्या गाडीची चेन तुटून गुंतली तर मागचं चाक जाम होतं किंवा इंजिनचं कव्हर फुटतं. अणशीच्या वळणावर हे घडू नये. अशा चेनसाठी रिव्हेटचं हत्यार असलेल्या मेकॅनिककडे जाणंच शहाणपणाचं. कंजुषी करायची ही जागा नव्हे.

चेन बसल्यावर चाक हाताने फिरवत ती जिथे सर्वांत घट्ट लागते तिथे ढिलाई पाहावी. लहान गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या हव्यात. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायला जाऊ नका. बोटं अशीच जातात. आणि सीटखाली एक नवं चेन लॉक कागदात गुंडाळून ठेवा, तुमच्याच चेनच्या क्रमांकाचं.